शॉकर नको, टायर पाहा

वाचकाचे पत्र : मी एरंडोल तालुक्यातील एका गावात प्राथमिक शिक्षक आहे. वय ४४, उंची ५ फूट ६ इंच, वजन ७८ किलो. घरापासून शाळा ११ किलोमीटर असून त्यातला ७ किलोमीटर रस्ता डांबरी, तर उरलेला ४ किलोमीटर पाटचारीच्या कडेने जाणारा मुरूम-खडीचा आहे. आठवड्यातून चार दिवस मोटारसायकल घरी ठेवून सायकलने जावे आणि रविवारी पद्मालयापर्यंत फेरी मारावी, असा मनोदय आहे. दुकानदार दोन्हीकडे शॉकर असलेली जाड टायरांची सायकल दाखवतो. पुण्याला शिकणारा मुलगा बारीक टायरांची रोड बाइक घ्या म्हणतो. एका सहकाऱ्यांनी हायब्रिडचे, म्हणजे या दोन्हींच्या मधल्या सायकलीचे, नाव सुचवले. माझ्याकडे २२ हजार रुपये आहेत. एकाच सायकलीवर दोन्ही रस्ते निभावतील का, की हायब्रिड म्हणजे धड ना इकडची, धड ना तिकडची?

उत्तर :

आदरणीय गुरुजी, सप्रेम नमस्कार.

महाभारतातील एकचक्रानगरी म्हणजेच एरंडोल, असे आपल्याकडे परंपरेने मानले जाते. त्या एका चक्राच्या नगरीतून दोन चाकांची विचारणा यावी, याचे मला कौतुक वाटले. तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे की, तुम्ही सांगितलेल्या रस्त्यांना एकच सायकल पुरेल आणि ती हायब्रिडच असावी. मात्र दुकानात जाऊन नुसते ‘हायब्रिड दाखवा’ असे म्हणू नका, कारण त्या एका नावाखाली तीन वेगवेगळ्या जातींच्या सायकली विकल्या जातात. पहिली म्हणजे सरळ हँडल लावलेली रोड बाइकच, २८ ते ३२ मिलिमीटरच्या टायरांची. दुसरीला ३८ ते ४२ मिलिमीटरचे टायर आणि साधा, न हलणारा फोर्क, म्हणजे पुढचे चाक धरणारा दुपायी चिमटा, असतो. तिसरी दिसायला दुसरीसारखीच, पण पुढे शॉकर लावलेली. तुमच्यासाठी दुसरी योग्य आहे, आणि ती नेमकी दुकानात मागच्या रांगेत उभी असते, कारण तिच्याकडे पाहून कोणाचेही डोळे विस्फारत नाहीत.

या निवडीत सगळ्यात मोठा वाटा टायरचा आहे. सायकल आणि रस्ता यांची गाठ पडते ती केवळ दोन टायरांपाशी, आणि खडीचा धक्का पहिल्यांदा झेलतो तो टायरमधला हवेचा गादीसारखा थर. २८ मिलिमीटरच्या टायरमध्ये हवा मावतेच थोडी, त्यामुळे ती ८० पीएसआयच्या (पीएसआय हे हवेच्या दाबाचे माप) आसपास ठेवावी लागते. असा कडक टायर डांबरावर सुरेख पळतो, पण पाटचारीच्या सुट्या मुरमात सुरीसारखा रुततो आणि खडीच्या प्रत्येक दाण्याची वर्दी मनगटापर्यंत पोहोचवतो. उलट दुकानदार दाखवतो त्या दोन इंची, खोल नक्षीच्या टायरची मुरमावर पकड चांगली असते, पण डांबरावर तो घरंगळत नाही, गुरगुरतो. तो गुरगुराट म्हणजे तुमच्या पायांची वाया जाणारी ताकद आहे. तुमच्या वाटेचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग डांबरी असताना रोज ती ताकद कशासाठी खर्चायची? ४० मिलिमीटरचा टायर मधल्या पट्टीत जवळपास गुळगुळीत आणि कडांना बारीक नक्षीचा असेल, तर दोन्ही रस्त्यांवर तक्रारीला जागा राहत नाही. तुमच्या वजनाला पुढच्या चाकात ४५ आणि मागच्या चाकात ५५ पीएसआयपासून सुरुवात करा, खडीवर फार हादरे बसले तर दोन्हीकडे पाच-पाचने उतरवा, आणि टायरच्या कडेवर छापलेली कमाल व किमान मर्यादा मात्र ओलांडू नका.

त्या कडेवरच आणखी एक आकडा असतो, आणि तो वाचायला शिकणे तालुक्याच्या ठिकाणी राहणाऱ्या माणसासाठी फार मोलाचे आहे. ‘४०-६२२’ असे छापलेले असेल, तर ४० ही मिलिमीटरमधील रुंदी असते आणि ६२२ हा टायरची कड रिमवर जिथे बसते तिथला व्यास असतो. हायब्रिडच्या ज्या चाकाला ७०० सी म्हणतात, ते हेच. गंमत अशी की या चाकाला काही जण २८ इंचीही म्हणतात, आणि आपल्या वडिलांच्या पिढीच्या काळ्या सायकलीचे चाकही २८ इंचीच. पण त्या २८ बाय दीडच्या टायरचा व्यास ६३५ मिलिमीटर असतो. या १३ मिलिमीटरच्या फरकाने मला एकदा चांगलाच धडा शिकवला. धरणगावच्या बाजूला फिरत असताना एका फुटक्या बाटलीने माझा मागचा टायर आडवा चिरला. जवळच्या गावात दुकान सापडले, तिथल्या कारागिराने आत्मविश्वासाने २८ चा टायर काढून दिला आणि मीही तितक्याच आत्मविश्वासाने पैसे मोजले. टायर हाताने, कसलेही हत्यार न लावता रिमवर चढला, तेव्हाच शंका यायला हवी होती. हवा भरताना त्याची एक बाजू रिममधून बाहेर आली, तिच्यातून ट्यूब फुग्यासारखी डोकावली आणि फटाक्यासारखा आवाज झाला. उरलेला प्रवास सायकल आणि मी, दोघांनीही कांद्याच्या टेम्पोतून केला. तेव्हापासून ६२२ आकड्याचा एक घडीचा टायर माझ्या घरात कायम असतो. तुम्हीही सायकलीबरोबरच एक जादा टायर आणि दोन ट्यूब घेऊन ठेवा. जळगावात हा माल मिळतो, पण शनिवारी संध्याकाळी तुमच्या गावात तो मिळेलच असे नाही.

टायरइतकीच महत्त्वाची आहे टायरभोवतीची मोकळी जागा. फोर्कच्या वरच्या भागाखाली आणि मागे चाक जिथे फ्रेममध्ये शिरते तिथे, टायरच्या दोन्ही बाजूंना करंगळी सहज फिरली पाहिजे. आपली काळी माती ओली झाली की टायरला थरावर थर चढत जातात, आणि ही फट अरुंद असेल तर चाक जागच्या जागी अडकते. खरे सांगायचे तर जुलैत भर पावसात काळ्या मातीच्या गाडवाटेवर कोणतीच सायकल चालत नाही, ती खांद्यावर घ्यावी लागते. तुमची पाटचारी मुरमाची आहे, हे तुमचे नशीब.

आता शॉकरविषयी, कारण तुमचा दुकानदार त्यावरच अडून बसणार आहे. चांगला शॉकर ही उत्तम वस्तू आहे. पण त्यात स्प्रिंगइतकीच महत्त्वाची असते ती स्प्रिंगची उसळी आवरणारी तेलाची यंत्रणा, आणि अशा एका चांगल्या फोर्कची किंमतच तुमच्या सगळ्या रकमेच्या घरात जाते. २२ हजारांच्या सायकलीत जो बसवलेला असतो, तो नळीत घातलेली पोलादी स्प्रिंग यापलीकडे फारसे काही नसतो. त्याचे वजन अडीच किलोच्या आसपास भरते, तर साधा फोर्क साधारण एक ते सव्वा किलोत होतो. चढावर तुम्ही सीटवरून उठून पायडल मारू लागलात की तो खालीवर डोलतो आणि तुमच्या जोराचा काही भाग गिळतो. एक-दोन पावसाळे आणि आपल्याकडची बारीक धूळ खाल्ली की तो गंजून आखडतो, आणि मग तो शॉकर न राहता नुसता जड फोर्क होतो. मागेही शॉकर असलेली स्वस्त सायकल तर मी कोणालाच सुचवत नाही. तिचे वजन १७-१८ किलोपर्यंत जाते आणि मागच्या सांध्यांतले बुश झिजले की चाक डावी-उजवीकडे हलू लागते. तुम्ही दर आठवड्याला सातपुड्यात पालच्या बाजूला दगडधोंड्यांच्या पायवाटा उतरणार असता, तर मी पुढच्या शॉकरची माउंटन बाइक घ्या, अजून काही हजार साठवा आणि अभयारण्यात वन विभागाने खुल्या ठेवलेल्या वाटांनीच जा, असे सांगितले असते. पाटचारीच्या चार किलोमीटरसाठी ४० मिलिमीटरचा टायर हाच तुमचा शॉकर आहे.

गिअरांच्या संख्येला भुलू नका. ‘एकवीस गिअर’ म्हणजे पुढच्या तीन चक्रांना मागच्या सात चक्रांनी केलेला गुणाकार. त्यातले निम्मे तरी एकमेकांच्या इतके जवळ असतात की फरक कळत नाही. पाहायचे ते सर्वांत हलके आणि सर्वांत जड गिअर. पुढे २८ दाते आणि मागे २८ दाते असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे २.२ मीटर पुढे सरकते. पुढे ४८ आणि मागे १४ असतील, तर सुमारे साडेसात मीटर. पद्मालयाच्या वाटेवरच्या चढांना पहिला पुरतो आणि सपाट डांबरावर दुसरा. तुम्ही म्हणाल, तापी-गिरणेच्या सपाट खोऱ्यात हलक्या गिअरचे काय काम? मे-जूनमधला पश्चिमेचा वारा आठवा. ज्या मुलखात साक्रीकडे ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या आहेत, तिथे समोरचा वारा हाच सायकलस्वाराचा घाट असतो, आणि तो घाट संपतही नाही.

ब्रेकबाबत फार विचार करू नका. रिमला आवळणारे व्ही-ब्रेक तुमच्या रस्त्यांना पुरेसे आहेत, त्यांचे रबर कोठेही मिळते आणि गावातला कारागीर ते बसवू शकतो. या किमतीत केबलचे डिस्क ब्रेक मिळाले तर नाकारण्याचे कारण नाही, चिखलात ते सरसच ठरतात. परंतु डिस्कसाठी टायर किंवा चाक यांत तडजोड करू नये. कन्नडचा घाट किंवा तोरणमाळ उतरण्याचा बेत ठरला, तर मला पुन्हा लिहा.

काट्यांविषयी मात्र सविस्तर लिहितो, कारण बहुतेक नवे सायकलस्वार सायकल सोडतात ते दमल्यामुळे नव्हे, पंक्चरांना कंटाळून. पावसाळा सरला की पाटचारीच्या कडेला सराटे वाळतात. सराट्याच्या वेलीचे फळ फुटून त्याचे जे तुकडे होतात, ते जमिनीवर कसेही पडले तरी त्यांचा एखादा काटा वरच राहतो. त्यात बांधावरच्या बाभळीच्या फांद्या आणि कापूस संपल्यावर गाडीतून सांडलेल्या पऱ्हाटीच्या अणकुचीदार काड्या यांची भर पडते. यावर उपाय आहे. ट्यूब जाड, मोटारसायकलच्या धाटणीच्या व्हॉल्व्हची घ्या. त्या व्हॉल्व्हची आतली पिन छोट्या चावीने काढता येते आणि तिथून प्रत्येक ट्यूबमध्ये सुमारे १०० ते १२० मिलिलीटर सीलंट ओतता येते. सराट्याचे छिद्र हे द्रव चाक फिरता फिरताच बुजवते. आपल्या उन्हाळ्यात ते लवकर आटते, म्हणून दर चार महिन्यांनी थोडी भर घाला, आणि शाळेत सायकल पत्र्याखाली नव्हे, लिंबाच्या सावलीत लावा. जुनी ट्यूब उभी चिरून टायर आणि ट्यूब यांच्या मध्ये पट्टीसारखी घालण्याची आपल्याकडची जुनी युक्तीही चालते, फक्त तिने चाक थोडे जड होते.

एवढे करूनही पंक्चर झालेच, तर ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून कापसाचा बोळा सावकाश फिरवा. काट्याचे टोक रबरात मोडून राहिलेले असते. बोटाला ते लागेलच असे नाही आणि लागले तर रक्त काढते, पण कापसाचा एक धागा तिथे हमखास अडकतो. हे टोक न काढता नवी ट्यूब घातल्यामुळे शंभर पावलांवर दुसरे पंक्चर झालेले लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांत एकदा मीही होतो. कापसाच्या मुलखात बोळ्याला तरी तोटा नसावा.

सायकलीचे माप अंदाजाने घेऊ नका. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा, दोन पायांच्या मध्ये एखादे जाड पुस्तक आडवे धरून वर दाबा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर चिरंजीवांना किंवा सौभाग्यवतींना मोजायला सांगा. तुमच्या उंचीला ते ७८ सेंटिमीटरच्या आसपास भरावे. सायकलीचा आडवा दांडा दोन्ही पायांत घेऊन उभे राहिल्यावर तो शरीराला टेकता कामा नये, दोन-तीन सेंटिमीटर फट राहिली पाहिजे. १७ किंवा १८ इंची फ्रेम, म्हणजेच मध्यम माप, तुम्हाला बहुधा योग्य बसेल. मग त्या ७८ ला ०.८८ ने गुणा. दोन्ही पायडलांचे दांडे ज्या मधल्या आसाभोवती फिरतात, त्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंत सुमारे ६९ सेंटिमीटर अंतर ठेवले की गुडघा खालच्या टोकाला किंचित वाकलेला राहतो. आपल्याकडे दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून सीट खाली ठेवण्याची सवय आहे, आणि चाळिशीनंतरच्या कित्येक गुडघेदुखी तिथूनच सुरू होतात.

दुकानात गेल्यावर दुकानदाराच्या बोलण्याकडे कमी आणि मागच्या चाकाकडे अधिक लक्ष द्या. चाक उचलून फिरवा आणि ब्रेकच्या रबराजवळून जाणारी रिम डोळ्यांनी पाहत राहा. ती दोन-तीन मिलिमीटर डावी-उजवीकडे डोलत असेल तर आउट काढल्याशिवाय सायकल हलवू देऊ नका. रिम दुहेरी भिंतीची असावी, तुमच्या वजनाला प्रत्येक चाकात ३२ किंवा ३६ तारा असाव्यात. मागचा गिअर ज्या लहानशा पट्टीला लटकतो ती स्क्रूने बसवलेली, म्हणजे वाकली तर बदलता येण्याजोगी हवी. कॅरिअर आणि मडगार्डसाठी फ्रेमवर आट्यांची भोके आहेत का, तेही बघा. वह्यांचे गठ्ठे पाठीवर घेऊन तुम्ही किती दिवस जाल?

सायकल खोक्यातून येऊन तुमच्या समोर जोडली जात असेल, तर तिथून हलू नका. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, हे घाईत विसरणारे कारागीर आहेत. माझ्या एका सायकलीचे डावे पायडल असेच तिरके, जोर लावून बसवले गेले होते. दहाव्या दिवशी ते भर रस्त्यात गळून पडले आणि त्याबरोबर क्रँकचे, म्हणजे पायडल ज्या दांड्यात बसते त्याचे, आटेही गेले. फोर्क उलटा बसवलेली सायकलही मी रस्त्यावर पाहिली आहे. चाकाचा आस फोर्कच्या टोकाशी पुढच्या अंगाला आणि पुढचा व्ही-ब्रेक फोर्कच्या पुढे दिसला की ठीक.

पैशांचे गणित असे मांडा. २२ हजारांतून तीन हजार आधीच बाजूला काढा; त्यात हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, पंप, कुलूप, मडगार्ड, जादा ट्यूब आणि सीलंट बसवायचे आहे. उरलेल्या १९ हजारांत साध्या फोर्कची, तीन बाय सात किंवा तीन बाय आठ गिअरांची, ॲल्युमिनियम फ्रेमची हायब्रिड शोधा. शिमानो कंपनीचा टर्नी हा साधा गिअर संच असला तरी रोजच्या २२ किलोमीटरला तो चालतो. त्याच्या वरच्या दर्जाचा अल्टस मिळाला तर अधिक बरे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा पक्के बिल मागा आणि त्यावरचा कर वाचा. जुनी सायकल नाशिक किंवा पुण्याहून आणण्याचा विचार असेल तर तोही वाईट नाही. फक्त सोबत पट्टी ठेवा. चेनच्या एका पिनेपासून पुढची चोविसावी पिन नव्या चेनमध्ये बरोबर १२ इंचांवर असते. ते अंतर एक अष्टमांश इंचाने वाढले असेल तर चेन संपलेली आहे, बहुधा मागची चक्रेही, आणि तेवढी रक्कम किमतीतून कमी करून घ्या.

सुरुवात सकाळच्या शाळेच्या दिवसांत करा, म्हणजे जाताना तरी ऊन लागणार नाही. ताशी १६ किलोमीटरच्या सावकाश वेगानेही तुम्ही पाऊण तासाच्या आत शाळेत पोहोचाल. पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरमध्ये नव्या सायकलीच्या तारा सैलावतात आणि केबली ताणल्या जातात, म्हणून महिनाभराने दुकानात जाऊन चाकांचा आउट आणि गिअर पुन्हा लावून घ्या. बहुतेक दुकानदार ही पहिली सेवा फुकट देतात, पण ती बिलावर लिहून घ्यावी. पद्मालयाची फेरी त्यानंतरच ठेवा, आणि जाताना पंप, एक ट्यूब, टायर काढायच्या दोन पट्ट्या आणि कापसाचा बोळा सीटखालच्या पिशवीत असू द्या, कारण जंगलाच्या त्या पट्ट्यात पंक्चरचे दुकान शोधत फिरण्याची वेळ तुमच्यावर येऊ नये.

आपला,
सदरलेखक